घरतांना विचारा

रबाळे एमआयडीसीतल्या व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या शेडमध्ये
पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे तीन रकाने होते:
करायचं, चालू, झालं.
ऐरोलीत सातव्या मजल्यावर, एसीच्या झोतात
मी ते आखले होते, आणि काम म्हणून जे काही असतं
ते त्यांत बसतं, याची मला जवळजवळ खात्री होती.

शेडमध्ये आधीपासून एक फळा होता,
कोपऱ्यात टवका उडालेला.
त्यावर खडूच्या खुणा: फुली, अर्धा गोल, एक मासा.
मासा म्हणजे?
मोरेश्वर घरत म्हणाले, पार्टीने पैशे दिले नाय अजून.
गळाला लागलाय, सोडायचा नाय.
आणि अर्धा गोल?
झाला हाय, पन झाला नाय.

म्हणजे व्हॉल्व्ह जुळला, बेंचवर दाब धरला,
गेजचा काटा जागचा हलला नाही,
पण घरतांनी अजून कान लावलेला नाही.
मी वहीत लिहिलं: तपासणी बाकी.
ते वहीत डोकावले.
तपासनी झाली ना. मी आयकला नाय, एवढाच.

मी तिनाचे सात रकाने केले.
पंधरवड्यात सातही चुकले.
फणसोपकर फिटर एकच काम दोन ठिकाणी ठेवायचे,
कारण बॉडी इथे होती आणि स्प्रिंग तुर्भ्याला.
स्टोअरच्या सुलभा तांडेल तारखेच्या चौकटीत
'अमावास्येनंतर' असं लिहायच्या,
आदल्या दिवशी भट्टीवाला भट्टी पेटवत नाही म्हणून,
आणि माझं सॉफ्टवेअर लालबुंद होऊन सांगायचं: अवैध.
त्यांनी फोन केला.
अहो मॅडम, अमावास्या अवैध कधीपासून?

त्या रात्री मी नवं काही लिहिलं नाही.
खोडत बसले.
सक्तीची चौकट, सक्तीचा क्रम,
पुढे गेलेलं मागे येऊ न देणारा तो बाण,
ज्याचा मला फार अभिमान होता.

आमच्या कळव्याच्या शिंप्याचा शब्द आठवला: माया.
शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं दोन बोटं कापड.
अंगावर घातल्यावर कोणाला दिसत नाही.
उसवायची वेळ आली
की कळतं, ठेवली होती की नाही.

सोमवारी त्यांना कोरे रकाने दिले.
नावं तुमची, क्रम तुमचा, खूण हवी ती काढा.
चहा येईपर्यंत स्क्रीनवर मासा आला.
मग 'अर्धा', 'तुर्भ्याला',
'मेल आलाय पण खरा नाही',
आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत भरलेला:
'घरतांना विचारा'.

दोशीशेठनी रिपोर्ट मागवला.
त्या एका रकान्यात काम सरासरी चार तास दहा मिनिटं पडून राहतं,
काढून टाका तो.
मी म्हटलं, काढता येईल,
आधी छत कशावर उभंय तेवढं बघून घ्या.

एप्रिलअखेर घरत निवृत्त झाले, दिवाळे गावी गेले.
शाल, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ.
मी नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद केलं.
यादीत नावापुढे राखाडी अक्षरांत आलं: निष्क्रिय.
रकाना मात्र कोणी हलवला नाही.
त्यात कामं जात राहिली
आणि बाहेरही येत राहिली, तीन तासांत, कधी दोन.

जुलैत काहीतरी बिघडलं म्हणून गेले.
फणसोपकर व्हॉल्व्हला कान लावून, डोळे मिटून उभे.
सुलभाताईंनी ओठांवर बोट ठेवलं,
कोणीतरी कॉम्प्रेसर बंद केला.
मला काहीच ऐकू आलं नाही.
त्यांना आलं असावं, कारण त्यांनी मान हलवली
आणि पाना पुन्हा हातात घेतला.

जूनमध्ये लागलेला निमिष पाटोळे
घरतांना कधी भेटलेला नाही.
तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला,
मॅडम, सगळे म्हणतात, हा घरत करून घे, तो घरत राहिलाय.
ह्या घरत टेस्टला नेमका किती बार दाब लागतो?
मॅन्युअलमध्ये सापडत नाही.

मी म्हटलं,
फणसोपकरांना विचार.