अढी

फेब्रुवारीत सोअर नदी कुरणांत शिरते.
सटन बॉनिंग्टनच्या काचघरात मात्र
नारिंगी दिव्यांखाली जून असतो, रोज सोळा तास.
नेव्हिल ऑर्टन शिडीवर चढून
उमललेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला चिठ्ठी बांधतो:
तारीख, झाडाचा नंबर,
आणि शाई फुटली तर एक शिवी.

एकोणचाळिसाव्या दिवशी टोमॅटो भरतो.
हिरवा, गच्च, अजून कुणाचाच नाही.
मग तळाशी नखाएवढा तांबूस डाग.
कागदोपत्री त्याला ब्रेकर म्हणतात.
पाड लागला, मी म्हणते.
नेव्हिल 'पॅड' म्हणतो आणि वहीत खूण करतो.

मी ते फळ तोडते, द्रव नायट्रोजनात बुडवते,
खलात कुटते. धूर निघतो, वास नाही.
पिकण्याची आज्ञा नेमकी कधी सुटली
ते त्या गुलाबी पिठात शोधायचं.

एका नासक्या आंब्याने अढी नासते
हे आपल्याला आधीच ठाऊक होतं,
रेणूचं नाव तेवढं नव्हतं.
दोन कार्बन, चार हायड्रोजन.
एवढीशी चुगली, हवेतून.

सातव्या बाकावरच्या झाडांना ती ऐकूच येत नाही.
एका जनुकात बिघाड.
फळं केळ्यांसोबत डब्यात कोंडली,
पिवळट झाली, बस्स.
एक तर चहाच्या खोलीत खिडकीवर
ऑक्टोबरपासून बसलंय, किटलीच्या वाफेत.
ना लाली, ना सुरकुती.
नेव्हिलने त्याला भुवया काढल्यात.

या बाकावर समोर अश्लेषा असायची.
पेपरावर नावं लागली: तिचं पहिलं, माझं तिसरं.
झाडं माझी. त्या उन्हाळ्यातले सगळे रविवार माझे.
नऊ वर्षं झाली.
दर जानेवारीत तिची मेल येते, मी उघडत नाही.
गवतात आंबे घालतात ती अढी,
आणि मनात असते तीही.
पहिलीत फळ पिकतं.
दुसरीत काय होतं
यासाठी अजून कुणी अनुदान दिलेलं नाही.

शुक्रवारी नेव्हिल निवृत्त झाला.
केक कापला, मग त्याच सुरीने
खिडकीवरचं ते फळ.

आत बिया उगवल्या होत्या.
पांढऱ्या वळलेल्या शेपट्या एकमेकींत अडकलेल्या,
काळोखात फिकट पानं उघडू बघणाऱ्या.
गर राहिला होता पिकायचा,
बिया थांबल्या नव्हत्या.
"यांना कुणी सांगितलंच नाही," नेव्हिल म्हणाला,
"की आई अजून कच्ची आहे."
सुरीला क्रीम होतं. कुणी हसलं नाही.

अकरा रोपं निघाली, कुंड्या दहा.
अकरावं त्याच्या कपात लावलं.
चिठ्ठीवर कुठली तारीख घालायची यावर
आम्ही बराच वेळ वाद घातला,
फुलाची की आजची,
आणि तो तसाच कोट घालून गेला.

पुरामुळे बस लांबून वळली.
रॅटक्लिफच्या थंड चिमण्या खिडकीत
दोनदा येऊन गेल्या.
मी फोन काढला. चार जानेवारी.
विषय: ते जुनं बी अजून आहे का तुझ्याकडे?