रेघेवरचा अंगठा

मतदानाच्या आदल्या रात्री दोग्बेकोपेत
माणसांआधी दगड रांगेला लागतात.
शाळेच्या दारापासून थेट नारळांपर्यंत
एकेका दगडावर खडूनं एकेक नाव,
मधे कुणाची फुटकी चप्पल, तेलाचा रिकामा डबा,
आणि सेलोर्मची वीट,
जी त्यानं आमच्याच भिंतीची काढलीय.
मी मोजले. एकशे बारा.
त्यातले आपले किती, हे दगड सांगत नाहीत.

मी शिंपीण. पुढारी नव्हे.
चार माणसांपुढे उभी राहिले तर घसा बसतो.
पण दीड महिना जो जो मापाला आला
त्याला टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं,
कार्ड सापडलं का, यादीत नाव पाहिलं का.
छाती छत्तीस, कंबर तीस, मत होडीला.
गळ्याभोवती टेप असताना कोण खोटं बोलेल?
बोलले. पुष्कळ बोलले. नंतर कळलं.

उन्हं उतरली की कांद्याच्या वाफ्यांतून हिंडायचे
जुनी वर्तमानपत्रं आणि निळीची वाटी घेऊन.
अंगठा बुडव, उठव, आता घडी घाल.
उभी, बाई, उभी!
आडवी घातलीस तर ओली शाई
शेजारच्या चौकटीत उमटते
आणि तुझं मत कुणाचंच राहत नाही.
मागच्या खेपेला आमची एकवीस अशी बाद झाली.
हरलो किती मतांनी? नऊ.
एवढी माणसं तर आमच्या एका चुलीभोवती बसतात.

म्हातारी आफेफा खाजणापलीकडे राहते.
तिला आणायला मीच मोटारसायकल काढली.
कार्ड दातांत धरून तिनं माझ्या कमरेला मिठी घातली.
तिचे जुळे, आत्सु आमच्या होडीत,
एत्से कंदीलवाल्यांचा एजंट.
एका दिवशी एका पोटातून आलेले,
आता एकमेकांच्या ताटाला हात लावत नाहीत.
वाऱ्यावर ओरडून मी सांगितलं,
वरून दुसरी चौकट, आफेफा, दुसरी!
ती काही बोलली नाही.
खड्डा आला की मिठी तेवढी घट्ट व्हायची.

पाचला दार बंद. पेटी टेबलावर उपडी.
अधिकारी एकेक कागद उजेडात धरतो
आणि बाहेर अख्खा गाव एका आवाजात मोजतो,
आमचे आणि त्यांचे, सगळेच मोजतात.
एकशे चाळीसला वीज गेली.
कंदीलवाल्यांकडे उजेड नव्हता.
माझाच फोन वर धरला,
हात भरून आला तेव्हा एत्सेनं धरला.

मग तो कागद निघाला.
घडी उभी. शाई कुठेही फुटलेली नाही.
अंगठा दोन चौकटींमधल्या रेघेवर,
अर्धा होडीत, अर्धा कंदिलात,
सुईत दोरा ओवावा इतका नेमका,
आणि त्यात तिरपी पांढरी खूण,
कांद्याच्या सुरीची.

बाद, अधिकारी म्हणाला. हरकत?
त्या रात्री मी अकरा वेळा हात वर केला होता,
ठिपक्याएवढ्या डागासाठी भांडले होते.
एत्सेकडे पाहिलं.
त्या सुरीला लहानपणापासून तोच धार लावतो.
फोनचा उजेड जरासा हलला.
हरकत नाही, मी म्हणाले.
नाही, तो म्हणाला.
बाहेरचा गाव तेवढा एक आकडा गप्प राहिला.

दोनशे सहा, दोनशे दहा. बाद तीन.
गुलाबी कागदावर सही केली,
फोटो काढला, तालुक्याला पाठवला.
तिथं काय झालं ते दोन दिवसांनी रेडिओवर.

सकाळी रांग तशीच होती, माणसांवाचून.
सेलोर्म वीट परत लावत होता, उलटी.
आफेफा आली नवा काबा शिवायला.
तिच्या नखात शाई अजून जांभळी.
मी टेप घेतली, तिच्या गळ्याभोवती घातली,
आकडा वहीत लिहिला.
विचारलं काहीच नाही.