झाकली मूठ

आर्विड हॅलवर्सन आला मार्चमधल्या एका सकाळी,
बुटांचा बर्फ दारातच झाडून.
मायल्स सिटीतलं माझं दुकान म्हणजे
खोगिरं शिवणाऱ्या लॉयडच्या मागची खोली :
एक दिवा, एक भिंग, कातड्याचा वास फुकट.

रुमालातून त्यानं मुठीच्या दोन पट्ट्या काढल्या.
नुसत्या पट्ट्या. रिव्हॉल्वर घरीच होतं.
मॅमथच्या दाताच्या, सायीच्या रंगाच्या,
कडेला चहा ओघळल्यासारखी तपकिरी रेघ.
अलास्कातल्या कुठल्याशा नदीनं काठ खचवला
तेव्हा उघडा पडलेला दात.
"घोडा हवाय," म्हणाला.

घोडे मी झोपेतही कोरीन.
मोंटानात सगळ्यांना घोडाच हवा असतो, उधळलेला,
आयाळ वाऱ्यावर, चारी पाय अधांतरी.
मी कागद पुढे ओढला.

"तसा नको.
खाली बसलेला. म्हणजे,
उठतोय असा."

चाळीस वर्षं तो जनावरांचा डॉक्टर.
पावडर नदीच्या दोन्ही तीरांवर
ज्याच्या घोड्याचा पाय मोडला, आतडं पिळलं,
त्यानं रात्रीअपरात्री यालाच फोन करायचा.
हे त्यानं नाही सांगितलं. लॉयडनं सांगितलं, मागाहून,
टाका घालता घालता, माझ्याकडे न बघता.
तो एवढंच म्हणाला,
"या मुठीनं आडवे होणारेच पाहिलेत."

मी रेखाटून दाखवलं. तो हसला.
"ही गाय झाली, बाई.
गाय मागून उठते. घोडा पुढून."

आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी
टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवून
तो खाली बसला, कातड्याच्या कतरणांत.
एक हात पुढे रोवला, मग दुसरा,
मान वर झटकली,
आणि गुडघे गोळा करता करता तिथंच अडकला.
लॉयडनं आणि मी बगलांत हात घालून उठवलं त्याला.
"हेच," तो धापा टाकत म्हणाला,
"हे मधलं काढ."

अकरा दिवस लागले.
आधी मेण, मग सुई, मग टोचे,
भिंगाखाली एकेक, श्वास रोखून.
गोंदतात तसंच, फक्त समोरचा कळवळत नाही.
शाई फासायची आणि पुसून टाकायची,
ओरखड्यात उरेल तेवढीच आपली.
खोडरबर नाही या कामात.
मांडीवर एक टोचा चुकला, त्याची मी माशी केली.
स्क्रूचं भोक आभाळात आलं.
बाकीचे तिथं चंद्र काढतात.
मी स्क्रूला स्क्रूच राहू दिलं.
दुसऱ्या पट्टीवर काय, हे विचारायला फोन केला,
तर पलीकडे बराच वेळ शांतता,
मग म्हणाला, "गवत. दाट काढ."

न्यायला आला तेव्हा रिव्हॉल्वर घेऊन आला, रिकामं.
पट्ट्या मीच बसवल्या.
त्यानं मूठ आवळली, आणि घोडा गेला,
गवतही गेलं.
मी सगळ्यांना सांगते तेच त्यालाही सांगितलं :
हातात धरलं की माझं काम दिसत नाही.
दिसतं ते खाली ठेवल्यावर.

तो काही बोलला नाही.
दोनशे ऐंशी डॉलर मोजले, वीस-वीसच्या नोटा,
चौदाच आहेत ना, म्हणून पुन्हा मोजले.

"अंगठ्याला काही लागत नाही," म्हणाला.
लागू नयेच, म्हटलं,
शेवटी घासून गुळगुळीत करते मी.
तरी तो चाचपत राहिला,
डोळे खिडकीबाहेर, वितळणाऱ्या रस्त्यावर,
अंगठा नेमका
घोड्याच्या गुडघ्यापाशी.