बोट लागते का?

रान्वा डॉक्टरनं कागदावरून वाचलं,
मान वर न करता, वजन विचारावं तसं:
"बोट लागते का तुम्हाला?"

हानुस शेजारीच होता.
बत्तीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस, हसलाच.
"हिला? सूरॉय बेटावरच्या पोरीला?"

पोरगी तिशीचीही नसेल,
पण पेन तसंच धरून थांबली,
उत्तर माझ्याकडून हवं म्हणून.

पित्ताशयातले खडे काढायचे, एवढंच तर होतं.
त्यासाठी का मोडावं मी
लग्नाच्या दिवसापासून जपलेलं खोटं?
फेरीच्या मागच्या कठड्याशी
"पक्षी बघते" म्हणत, ओठ मिटून उभी राहायची,
खिशात राईच्या पावाचा कडक तुकडा,
आणि वाऱ्याची दिशा आधीच पाहून ठेवलेली.

मग आठवलं चौऱ्याऐंशी साल. सिझेरियन.
दीड दिवस उलट्या,
प्रत्येक उबळीला टाके ताणायचे,
लेकरू दुसऱ्याच कुणाच्या हातात रडायचं,
आणि सिस्टर म्हणायची, होतं असं, सोसायचं.

"लागते," मी म्हटलं. "पहिल्यापासून.
धक्क्याला बांधलेली असली तरी."

हानुसची खुर्ची करकरली.

रान्वानं खूण केली, मग बोटं मोजली.
बाई आहात, एक.
सिगारेट ओढत नाही, दोन
(त्याचाही दंड भरायचा म्हणजे!)
बोट लागते, तीन.
नंतर मॉर्फिन लागेल, चार.
"चारपैकी चार. आता नशिबावर नाही सोडायचं."

आदल्या संध्याकाळी कानामागे
पेराएवढी पट्टी चिकटवली तिनं.
"तोंड कोरडं पडेल. हा हात डोळ्याला लावू नका."
भूल शिरेतूनच, वायू नाही;
झोपताना एक इंजेक्शन,
उठायच्या आधी दुसरं.

जागी झाले तर छत हललं नाही.
मी वाट बघत पडून राहिले.
ओळखीची आहे ती माझ्या:
आधी जिभेखाली पाणी सुटतं,
जबडा जड होतो,
मग आतून कुणीतरी दोर ओढायला लागतं.

जीभ लाकडासारखी कोरडी.
पुठ्ठ्याचं भांडं हानुसच्या मांडीवर,
जाळी ओढलेल्या त्या हातांनी
दोन्हीकडून धरलेलं,
तीन तास,
रिकामं.

"इतकी वर्षं," तो म्हणाला,
"कुठले पक्षी बघत होतीस?"
"एकही नाही."
टाके ताणले ते तेव्हा. हसण्यानं.

तिसऱ्या दिवशी सुट्टी.
आमच्या बेटाला अजून बोगदा नाही,
दोन तास समुद्रच आहे मध्ये.
औषधाच्या खिडकीशी तो वाकला,
कंबर मोडली तेव्हाही ज्यानं कुणाकडे
काही मागितलं नव्हतं.
हळूच म्हणाला, "ती कानामागची पट्टी. एक."
मग जरा थांबून,
"दोन द्या."

दुसरी कुणासाठी,
मी विचारलं नाही.