चार सुताचं भोक

झोक्याखालच्या वाळूवर भुशाची ढिगोळी,
पिवळसर, कुणी बेसन सांडावं तशी.
पहिल्यांदा पाहिली मिहिकाने. मग वर पाहिलं:
आडव्या वाशाच्या पोटाला एक भोक,
कंपासने काढावं इतकं गोल,
आणि त्यातून मागे मागे सरकत निघालेला
काळा, लठ्ठ, निळ्या झाकेच्या पंखांचा भुंगा.

तासाभरात ग्रुपवर एकशे बारा मेसेज.
मोटवानी बाई: उद्याच्या उद्या फवारा.
कुणी म्हणालं, रॉकेल ओता.
मी ऐरोलीतल्या या सोसायटीची खजिनदार,
मला एवढंच कळत होतं
की फवारलेल्या लाकडाला मुलं हात लावतील
आणि तेच हात तोंडात जातील.

पांचाळ मिस्त्री रबाळ्याहून सायकलने आले.
भोकात करंगळी घालता घालता थांबले,
खिशातली लोखंडी पट्टी लावली.
"चार सूत," म्हणाले. "ना कमी, ना जास्त.
गिरमिट नाही, पटाशी नाही, दातांनी.
माझ्या पोराला तीन वर्षं शिकवतोय,
त्याचं अजून वाकडं पडतं."

मग वाशाला कान लावला,
मलाही लावायला सांगितला.
आत कुरकुर,
रात्री उशिरा कुणी चोरून चकली खातंय तशी.

वाळूत बोटाने नकाशा काढला त्यांनी.
भोक आत जाऊन काटकोनात वळतं,
लाकडाच्या रेषेने लांब बोळ,
बोळात खोल्या, मध्ये भुशाच्या भिंती.
खोलीत परागाचा एक लाडू, लाडवावर एक अंडं.
भिंत लिंपून आई पुढच्या खोलीला लागते.
आमचा मंजूर आराखडा आठवला मला.

"अंगावर घोंघावत येतो तो नर. नांगीच नाही त्याला,
नुसती दादागिरी.
मादीला आहे, पण मुठीत धरलीत तरच डसेल.
पोरांना सांगा, काठी घालायची नाही,
हात झाडायचे नाहीत, सावकाश मागे यायचं.
आत्ता बुजवाल तर आतली पोरं दुसरीकडून पोखरतील.
आणि पोकळ वाशाला झोका
मी तरी टांगणार नाही."

वासाच काढून नेऊ या का?
"आई रोज इथेच शोधत येईल."

झोका उतरवला. साखळ्या माझ्या कपाटात,
मेंटेनन्सच्या पावत्यांशेजारी.
चारी बाजूंनी दोरी, दोरीवर मिहिकाची पाटी:
आत बाळं आहेत. झोका नंतर.
मुलांनी त्याचाच खेळ केला, भुंगा दिसला की स्टॅच्यू.

मोटवानी बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या.
त्यांच्या नातवाला, वेदांगला, मागे मधमाशी चावली
तेव्हा ओठ सुजून, रिक्षाने, रात्री वाशीचं हॉस्पिटल.
भीती खोटी नव्हती.
त्याच्यासाठी घसरगुंडी मागच्या बाजूला हलवली,
तो खर्च मी कुठे मांडला, विचारू नका.

शिमगा झाला. पाडवा झाला.
एका संध्याकाळी पांचाळांनी भोकावर
रद्दीचा तुकडा चिकटवला.
पहिल्या दिवशी फाटला. पुन्हा चिकटवला.
मग पाच दिवस तसाच राहिला, सोन्याच्या भावासकट.

नवा वासा आला, घासलेला,
खिळ्यांची भोकंसुद्धा लांबी भरून बुजवलेली,
ऑइलपेंटचे तीन हात.
जुना खाडीकडच्या भिंतीला, करंजाखाली बांधला;
हव्या त्याने यावं.

बिलाच्या तीन ओळी मला समजल्या.
चौथी होती: थांबणे, शून्य रुपये.
तीही मी वहीत उतरवली.

वेदांग अजून झोक्यावर बसत नाही.
खाली उभा राहून वाशाचं पोट तपासतो,
मान मागे टाकून, बराच वेळ,
मग मिहिकाला म्हणतो, बस,
आणि धक्का देतो.