डाग

सेलूत, जिनिंगच्या रस्त्याला
आमचा सितारा फोटो स्टुडिओ.
बोर्डावर आता ‘डिजिटल’ आलंय,
माझ्या लेकानं, मोईननं लिहून घेतलेलं,
सिताराच्या आधी, सिताराहून मोठं.

अनुसया ढवळे आली तेव्हा दुपार होती.
पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल,
रुमालात फोटो:
तिची माय, गयाबाई.
एकोणनव्वद साल. मागं माझाच पडदा,
पडद्यावर मीच रंगवलेलं तळं
आणि दोन बदकं, त्यातलं एक जरा कोंबडीसारखं.
“मोठा करून द्या भाऊ. तेराव्याला लावायचाय.”

मोईननं फोटो आत घेतला.
यंत्रानं तडे बुजवले,
लुगड्याला कुणी न विचारता हिरवा रंग दिला,
केसातून केस सुटा केला.
मग त्यानं एक बटण दाबलं
आणि गयाबाईनं पापणी लववली.
छत्तीस वर्षांपूर्वी मीच तिला म्हणालो होतो,
हलू नका.

अनुसया काचेच्या जवळ गेली.
मग लांब झाली.
“चट्टा कुठाय?”
“कसला चट्टा, मावशी?”
“भाजल्याचा. कानापासून इथवर.
लहानपणी अंधारात त्याच्यावर हात ठेवून निजायचे मी.
खरबरीत लागला की समजायचं, माय हाय.”
मोईन म्हणाला, “मशीनच तसं हाय,
आपोआप साफ करतंय.”
“मंग ही कोण दिसायली?”

मी गल्ल्यातले सुटे मोजत होतो.
मोजलेलेच पुन्हा मोजले.
माझ्या हातच्या कामाचा आळ
यंत्रावर चालला होता
आणि मी जाऊ देत होतो.

यंत्र खोटं बोललं नव्हतं.
त्याला जे दिलं तेच त्यानं वाढवलं.
चट्टा मी काढला होता. एकशेवीसच्या रिळावर,
भिंग डोळ्याला लावून,
सुईसारखी तासलेली पेन्सिल,
श्वास धरून, टिंबाला टिंब.
जादा दोन रुपये.
तिनं मागितलं नव्हतं.
तेव्हा कुणी मागायचं नाही, आम्ही देऊन टाकायचो,
त्यालाच हात आहे म्हणायचे लोक.
न्यायला आली तेव्हा गयाबाई बघून हसली होती,
“ही कुणाची पाव्हणी बसवली?”
आणि फोटो पदरात बांधून
जिनिंगच्या पाळीला गेली,
भुवयांवर कापूस घेऊन.
मला वाटलं, खूश झाली.

माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह निघाली.
काठानं पिवळी, पण चेहरा शाबूत.
खिडकीकडं धरली तर
काळ्या-पांढऱ्याच्या उलट्या जगात
माझं शिसं अजून तसंच चमकत होतं.
कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला.
सेलूत कापसाला तोटा नाही.
हलक्या हातानं, बाहेरून आत,
एकेक टिंब उचलत गेलो.
ज्या हुशारीवर घर चाललं, पोरीची लग्नं झाली,
ती बोळ्यावर करडी होऊन आली.

मोईननं मोबाइल वर धरला,
उलट्याचं सुलट केलं.
कानापासून हनुवटीपर्यंत
गयाबाई परत आली.
अनुसयानं काचेवर बोट ठेवलं.
काच गुळगुळीत. तरी तिनं बोट उचललं नाही.

तेवढ्यात खाली एक चौकट उगवली.
अनुसयाला वाचता येत नाही.
“काय म्हणायलंय ते?”
मोईननं माझ्याकडं पाहिलं.
मी वाचून दाखवलं:
चेहऱ्यावर डाग आढळला. काढायचा का?

“इचारतंय व्हय,” ती म्हणाली.
“बरं हाय की. इचारतंय तरी.”

मी काही बोललो नाही.
फ्रेमचे पैसेही घेतले नाहीत, तिनं मात्र
मोजून काउंटरवर ठेवले.

बदकं गेली होती, ते नंतर लक्षात आलं.
टर्पेंटाइनचा हात त्यांच्यावरूनही फिरला असणार.
रात्री साबणानं दोनदा धुऊनही
भाकरीवर माझ्या अंगठ्याचा
करडा ठसा उठला.