भुंग्याचा पत्ता

शाहूपुरीतल्या वखारीत
वाशाला करंगळीएवढं भोक.
"पोखरतंय बेणं," म्हणत
बाबालाल मिस्त्री पुट्टीचा डबा उघडतात.
मी म्हणते, एक दिवस थांबा.

काळ्या भुंग्याच्या पायांवरचे पराग
बोळ्यानं टिपून घेते, सोडून देते त्याला.
भुणभुणत, चिडून, तो तसाच
वखारीच्या पत्र्यावरून पलीकडे.

तीन आठवड्यांनी डीएनएचा कागद:
तूर, ताग, वांगं,
एकाची कुठंच जुळणी नाही,
आणि कृष्णकमळ.

"कृष्णकमळ? हितं कुठलं?"
मग रंधा थांबतो.
"मागल्या बंद बंगल्यात
मांडव घातलावता म्या त्याला.
येल वाळली म्हनत्यात."
इंग्रजी नावावर
भुशाचं बोट फिरतं.
"जितीच हाय की!"

झाकण लावायचं राहिलं.
पुट्टी डब्यातच सुकली.